धुरावलेले व मुरवलेले मासे : गुणवत्ता आणि टिकाऊपणा

मीठ, धूर किंवा आम्ल यांच्या साहाय्याने माशांचे नासणे लांबवून तयार केलेले पदार्थ. पूर्वी मासे महिनोन्‌महिने टिकावेत म्हणून भरपूर मीठ आणि दीर्घकाळ धुरी देत. शीतपेटी आल्यावर सौम्य चव रूढ झाली आणि मीठ व धूर दोन्ही कमी झाले. त्यामुळे आज विकले जाणारे असे बहुतेक मासे थंडाव्याबाहेर टिकत नाहीत.

धुरावणे : मासे मिठाच्या पाण्यात ठेवून निथळवतात व मग ओक, बीच यांसारख्या लाकडांचा धूर देतात. थंड धुरीत तापमान साधारणपणे ३०° से.च्या आत असते, त्यामुळे मांस कच्चेच राहते (उदा., सॅमन). गरम धुरीत मासा शिजतो (उदा., स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ स्मोकी). धुरातील फिनॉले, आम्ले व फॉर्माल्डिहाइड जंतूंना रोखतात. फिनॉलांमुळे माशातील तेल लवकर खवट होत नाही. मात्र धूर मुख्यतः पृष्ठभागावरच राहतो, म्हणून एकट्या धुराने मासा फार टिकत नाही. लक्षद्वीपचे मासमीन दीर्घकाळ टिकते, कारण त्यातील टूना उकडून, धुरावून शिवाय कडकडीत वाळवलेला असतो. धुरातून बेंझोपायरीनसारखी कर्ककारक संयुगेही येतात. यूरोपीय संघात बहुतेक धुरावलेल्या माशांसाठी बेंझोपायरीनची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम आहे.

मुरवणे : उत्तर यूरोपात हेरिंगचे कच्चे काप ॲसिटिक आम्ल व मीठ यांच्या द्रावणात मुरवतात. आम्लाने प्रथिने साकळून मांस पांढरे व घट्ट होते; नंतर माशातील विकरे त्याला मऊपणा व चव आणतात. विकरांचे काम थांबत नाही, म्हणून फार दिवसांनी मांस लिबलिबीत होते. गोव्यातील ‘पारा’ या लोणच्यात आधीच सुकवलेला मासा व्हिनेगर व मसाल्यात घालतात. तिथे कोरडेपणा आणि आम्ल दोन्ही राखण करतात.

धोके : लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स हा जंतू शीतपेटीतही वाढतो, थंड धुरीच्या माशांत त्याचा धोका मोठा असतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचा ई प्रकार सुमारे ३.३° से.लाही विष तयार करू शकतो आणि निर्वात वेष्टन त्याला सोयीचे ठरते. अमेरिकेत १९६३ साली ग्रेट लेक्समधील धुरावलेल्या व्हाइटफिशमुळे अशी प्राणघातक विषबाधा झाली होती. अनिसाकिस हा कृमी सौम्य मीठ व व्हिनेगर सहन करतो. म्हणून यूरोपीय नियमांनुसार कच्चे मुरवायचे मासे सामान्यतः −२०° से.ला किमान २४ तास गोठवतात. बांगडा, टूना यांसारखे मासे बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामीन हे विषबाधा करणारे द्रव्य तयार होते. ते धुरी, आम्ल वा शिजवण्याने नष्ट होत नाही.

साठवण : निर्वात वेष्टनातील थंड धुरीचा सॅमन ४° से.च्या आत साधारण दोन ते चार आठवडे टिकतो. गरम धुरीचा उघडा मासा थोडेच दिवस. पुरेसे आम्ल व मीठ असलेला मुरवलेला हेरिंग शीतपेटीत काही महिने राहतो. वेष्टन उघडल्यावर मुदत झपाट्याने कमी होते. चिकटपणा, आंबूस वा खवट वास ही बिघाडाची लक्षणे होत. परंतु लिस्टेरिया व हिस्टामीन वासावरून कळत नाहीत. शिळ्या माशाला कोणतीही प्रक्रिया ताजा करू शकत नाही. म्हणून मासा पकडल्याक्षणापासून बर्फात ठेवावा, विकत घेताना वेष्टनावरील तारीख व तापमान पाहावे; गर्भवती व अशक्त व्यक्तींनी थंड धुरीचे मासे नीट शिजवूनच खावेत.