गळ, माशी आणि ऐपत

शौक हा श्रीमंतांचाच मक्ता होय, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. कृत्रिम माशीने मासे धरण्याच्या इंग्रजी छंदाचा इतिहास चाळला असता ती अर्धीच खरी असल्याचे आम्हांस आढळून आले.

या छंदात गळाला किडा टोचीत नाहीत. पिसे व रेशीम गुंडाळून गळालाच माशीचे रूप देतात. अशी माशी आपल्या भाराने दूर जाऊ शकत नाही. दोरीचे वजनच तिला वाहून नेते. सबब काठी व दोरी यांचा मेळ नसेल, तर भारी किंमतीचे साहित्यही व्यर्थ होय.

या विद्येवरील इंग्रजीतील पहिला छापील निबंध विंकिन द वर्ड याने १४९६ साली प्रसिद्ध केला. काठी घरी कशी करावी, घोड्याच्या केसांची दोरी कशी वळावी, सुई तापवून गळ कसा वाकवावा, हे सारे त्यात असून बारा माश्यांची वर्णनेही आहेत. खर्च जवळजवळ नाहीच! परंतु निबंध स्वतंत्र व स्वस्त पुस्तिकेच्या रूपाने न काढता उमरावांसाठी असलेल्या मोठ्या ग्रंथात मुद्दाम घातला. तो रिकामटेकड्यांच्या हाती पडू नये, हे कारणही तेथेच नमूद आहे. साधने गरिबाची, विद्या मात्र धनिकाच्या कपाटात!

पुढे मतभेद माजले ते पाण्यावरून. स्कॉटलंडातील ओढे खळाळते. तेथे ट्राउट माशाला पारख करण्यास सवड नसते. म्हणून स्ट्यूअर्टने १८५७ साली मोजक्याच साध्या माश्या पुरेशा ठरविल्या. दक्षिण इंग्लंडातील टेस्ट नदी संथ व नितळ. तेथला मासा चिकित्सक. त्यामुळे हॅलफर्डने १८८६ साली तरंगत्या माश्यांचे अनेक बारकाईचे नमुने सांगितले. १९१० साली त्यानेच आपली यादी ३३ वर आणली. आणि त्याच वर्षी स्क्यूज याने तशाच नितळ पाण्यात बुडती माशीही सफल होते, असे प्रतिपादिले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. चूक झाली ती एकाच पद्धतीला सभ्यपणाचे लक्षण मानणाऱ्या अनुयायांची.

चिरलेल्या बांबूच्या काठीमागून काचतंतूची व १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूची काठी आली. १९६१ साली अमेरिकेत दोऱ्यांना वजनावरून क्रमांक मिळाले आणि निवड सोपी झाली. आधी पाणी व मासा पाहावा, त्यावरून दोरीचा क्रमांक ठरवावा, मग त्याच क्रमांकाची, आपल्या हाताला मानवेल अशी काठी घ्यावी. दोरीत काटकसर करू नये. लहान ट्राउटसाठी रीळ मुख्यतः दोरी गुंडाळण्यापुरतेच असते, तेव्हा बचत करणे ती तेथे करावी.

आज ही विद्या कोणासही सुलभ झाली आहे. पण त्याच जुन्या निबंधात, एका वेळी हावरेपणाने फार मासे धरू नयेत, असेही बजावले आहे. ग्रंथ महाग ठेवून जे साधावयाचे होते, ते आता प्रत्येकाच्या संयमानेच साधले पाहिजे. आणि त्याला ऐपत लागत नाही.