घारापुरीच्या पायऱ्यांवरची दुकानं

घारापुरी हे आपल्या उरण तालुक्यातलं बेट. शेतबंदरला उतरलं की लेण्यांच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दुकानं: माळा, दगडी मूर्ती, टोप्या. मधेच बायका काकडी, कैरी विकतात.

इथला दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायला उचलला, तर पडून तुकडे झाले. पुढे ते जोडले. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेटावर उरलं नुसतं नाव!

१९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा यादीत गेली. पण गावाला समुद्राखालच्या केबलनं वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. धंदा आजही बोटीवर. सोमवारी लेणी बंद, की गल्लाही बंद.

दुकानांतला बराच माल बाहेरून येतो. मग पाहुण्यानं उरणची आठवण काय न्यावी? आपल्या गटाचा आगरी-कोळी मसाला, तांदळाचे पापड छोट्या पाकिटांत, गावाचं नाव छापून तिथे ठेवू या. आधी चार-दोन दुकानवाल्या ताईंना विचारू. हत्तीसारखं नुसतं नाव नको, कमाईही इथेच राहू दे.