हात न जोडता पाहायचे शिल्प

उघड्यावर, झाडापानांत शिल्प मांडायची कल्पना आपल्याकडे विलायतेतून आली, असे सर्रास मानले जाते. चांदूर बाजारात उभे राहून उत्तरेकडे पाहिले तरी या समजाला छेद जातो. समोर सातपुड्याची रांग आहे आणि तिच्या पोटात मेळघाटातली कोरकूंची गावे. कोरकू घरातला माणूस गेला की काही काळाने, ऐपत जमेल तेव्हा, सिडोलीचा विधी होतो. त्याच्या नावाने सागाचा कोरीव खांब, म्हणजे मुंडा, झाडाखाली रोवला जातो. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या मुंड्यांची दखल आहे. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला शस्त्रधारी माणूस. ज्याच्या नावाने तो कोरला, त्याच्या दारात जन्मभर घोडा बांधलेला नसेलही, पण सागात कोरताना त्याला घोड्याखेरीज उभे करत नाहीत. पावसाने लाकूड राखाडी पडते, उन्हाने उभे चिरते, पुढे वाळवी लागते. शेजारी नवा मुंडा येतो. छप्पर घालून जुना जपावा असे कोणाला वाटत नाही. आपल्या मुलखातला उघड्यावरच्या शिल्पांचा हा सर्वांत जिवंत नमुना आहे, असे मी मानतो.

आता आपण लाकडाकडून दगडाकडे वळू. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह आणि गंडभेरुंड कोरलेले आहेत. किल्ल्याचे बांधकाम बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ साली केले आणि पुढे इमादशाहीच्या फत्तेउल्लाने त्याची डागडुजी केली. त्या डोंगराखाली अचलपूरजवळ हौज कटोऱ्याचा आठकोनी मनोरा पाण्याच्या मधोमध उभा राहिला. राहायला नाही आणि लढायलाही नाही, पाण्याच्या पार्श्वभूमीवर दिसावा म्हणून उभा केलेला हा आकार. मूर्ती न घडवताही भूदृश्याच्या मध्यभागी शिल्पासारखी वस्तू ठेवता येते, हे वऱ्हाडाने तेव्हाच पाहिले होते. या पूर्वसूरीची कोणी आठवण ठेवली नाही, याची मात्र खंत वाटते.

१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला आणि आपल्या या वाटेला अनपेक्षित वळण मिळाले. आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड तेव्हा गव्हर्नर जनरल होता. त्याचा संगमरवरी पुतळा मुंबईत बसला, लॉर्ड कॉर्नवॉलिसचाही बसला. राज्यकर्त्याला चौकात, हिरवळीवर, चौथऱ्यावर उभे करायची रीत इथून रुजली. पाहणाऱ्यांनी मात्र या पाहुण्यांना आपल्या पद्धतीने घरात घेतले. कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याला लोक हार-फुले वाहू लागले, सरकारला ते थांबवणे अवघड झाले. मला या हकिगतीत अडाणीपणा दिसत नाही. उघड्यावर दगडाचा माणूस उभा असेल तर त्याला हात जोडायचे, एवढाच व्यवहार आपल्याला शेकडो वर्षे ठाऊक होता. मुंडा पूर्वजाचा, पारावरची मूर्ती देवाची, मग चौकातला हा गोरा माणूसही कोणीतरी असणारच.

१८६२ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन खुले झाले. तीच आपली राणीची बाग, आजचे जिजामाता उद्यान. मुंबईतला शिल्प आणि बाग यांचा सारा इतिहास या एका आवारात येऊन पडला आहे. घारापुरीच्या बेटावर काळ्या दगडात घडवलेला प्रचंड हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. १८१४ साली त्याची मान आणि डोके कोसळले. १८६४ साली उरलेला हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो फुटला आणि तुकडे राणीच्या बागेत आले. १९१४ साली ते पुन्हा जोडण्यात आले. हत्ती आजही तिथे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, उभा आहे. त्या हत्तीपुढे कोणी नारळ फोडत नाही. मुले त्याच्याभोवती फिरतात, अंगावरचे सांधे बोटाने दाखवतात. निव्वळ पाहण्यासाठी बागेत ठेवलेले शिल्प आपल्याला असे, एका फसलेल्या चोरीतून, मिळाले. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांच्या पुतळ्यांनाही हेच आवार लाभले. १९६५ साली सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, मुंबईकरांचा काळा घोडा, फोर्टातून उचलून इथे आणला. कॉर्नवॉलिस आणि वेलस्लीही इथेच आले. ज्याच्या भावाने आपला गाविलगड घेतला, तो पानांच्या सावलीत निवृत्त झाला.

शिल्पकाराने स्वतःहून आपले काम अंगणात मांडावे, ही पायरी विनायक पांडुरंग करमरकरांनी गाठली. अलिबागजवळच्या सासवण्याला १८९१ साली त्यांचा जन्म झाला. देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिले आणि त्याला जे. जे. कलाशाळेत धाडले. १९२८ साली पुण्यात त्यांचा अश्वारूढ शिवाजी उभा राहिला. हे त्यांचे मोठे, सार्वजनिक, मुजऱ्याचे काम. सासवण्याच्या घरी मात्र वेगळीच माणसे भेटतात. कोळीण आहे, कष्टकरी आहेत, अंगणात एक म्हैस आहे. त्या म्हशीच्या अंगावरचा सुस्तपणा पाहून शेतकऱ्याचा हात आपसूक तिच्या पाठीकडे जातो. गावकऱ्यांची रोजची सोबत नारळी-पोफळीच्या सावलीत पाहण्याजोगी झाली, कोणताही चौथरा न मागता.

त्याच सुमारास शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी सिमेंट आणि जांभ्याची खडी कालवून १९३८ साली ‘संथाळ कुटुंब’ झाडांखाली उभे केले. संसार खांद्यावर घेऊन कामाच्या शोधात निघालेले ते कुटुंब भारतातल्या आधुनिक उघड्या शिल्पाची पहिली मोठी खूण ठरले. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये हेन्री मूर आदींचे पहिले खुले शिल्पप्रदर्शन भरले ते १९४८ साली, म्हणजे दहा वर्षांनी. इंग्लंडातच १९७७ साली यॉर्कशायरला कायमचे शिल्पोद्यान झाले. आपल्याकडे समकालीन शिल्पांसाठी जयपूरच्या नाहरगडावरचा माधवेंद्र महाल २०१७ साली खुला झाला.

महाराष्ट्रात लोक मोठ्या संख्येने गेले ते कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर. तिथल्या सिद्धगिरी संग्रहालयात सिमेंटचे बलुतेदार, नांगरट, मळणी, विहीर असे सारे गाव शेताबांधावर मांडले आहे. आमच्या वऱ्हाडात शेगावच्या आनंदसागरात संतांच्या मूर्ती बागेत आल्या. दोन्ही ठिकाणी गर्दीने सिद्ध केले की झाडांत शिल्प पाहायला आपला माणूस पोराबाळांसह येतो. मात्र पहिल्या ठिकाणी तो आठवणीसाठी येतो आणि दुसऱ्या ठिकाणी भक्तीसाठी. आजच्या शिल्पकाराने आज केलेला, नाव नसलेला आकार पाहायला तो अजून आलेला नाही, कारण तो त्याच्या गावात कोणी ठेवलेलाच नाही. तालुक्याच्या बागेत थोर पुरुषाचा अर्धपुतळा असतो, फार तर सिमेंटचा जिराफ आणि मोर, दरवर्षी ऑइलपेंट फासलेले. अर्धपुतळ्याला त्याचा मान असावाच. पण संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या गावात बागेची आणि शिल्पाची एवढीच ओळख राहावी, हे मला पटत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. आमची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते, आणि मुरूम लागेपर्यंत न खणलेला चौथरा हळूहळू कलतो. सिमेंटच्या पोटातल्या सळीला ओल लागली की ती गंजून फुगते आणि मूर्तीचा हात आतून तडकतो. मेच्या उन्हात धातूला हात लावता येत नाही. शिवाय खोलीत भव्य वाटणारे काम आभाळाखाली आणले की लहान दिसते, हे शिल्पकाराला आधीच हिशेबात धरावे लागते. पण सातपुड्याचा काळा दगड हे ऊन युगानुयुगे सोसतो आहे आणि साग कसा जुना व्हावा हे कोरकूंना ठाऊक आहे. सामान आणि अनुभव दोन्ही हाताशी आहेत.

म्हणून चांदूर बाजारच्या नगर परिषदेला आणि इथल्या बागायतदारांना माझे सांगणे साधे आहे. बागेचा एक कोपरा मोकळा ठेवा, मुरूम लागेपर्यंत पाया खणा आणि नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातल्या एखाद्या तरुण शिल्पकाराला बोलवा. मेळघाटातला मुंडा कोरणारा कारागीरही त्याच्याबरोबर मानाने आणि रास्त मजुरी देऊन बोलवा. काय घडवायचे ते त्या दोघांना ठरवू द्या.