अंगुलित्राण

धनुष्याची दोरी ओढताना व सोडताना बोटांना इजा होऊ नये म्हणून वापरायचे आवरण. कातडी पट्टी (टॅब), तीन बोटांचा हातमोजा आणि अंगठ्यात घालायची कडी हे त्याचे मुख्य प्रकार. धनुष्य धरलेल्या हाताच्या मनगटावर बांधायचा पट्टा हे वेगळे साधन आहे, मात्र जुन्या वाङ्मयात दोन्हींचा उल्लेख बहुधा जोडीने येतो.

४० पौंड ओढीचे धनुष्य पूर्ण ताणले की बोटांवर सुमारे १८ किलोचा भार येतो. तो सगळा काही मिलिमीटर जाडीच्या दोरीतून पेरांवर एकवटतो. बोटाच्या दोन्ही कडांनी संवेदना वाहणाऱ्या नसा जातात. त्या दोरीखाली चेपल्या की आधी मुंग्या येतात, मग बोट बधिर होते. दोरी सुटताना घासते त्याची इजा निराळी : फोड येतात, कातडी सोलवटते. धनुष्य आखूड असेल तर पूर्ण ताणल्यावर दोरीचा कोन अरुंद होतो आणि बोटे एकमेकांवर चिमटली जातात. बोटांना घट्टे पडले की त्रास संपतो, हा समज अर्धाच खरा. घट्ट्याने कातडी वाचते, आतली नस वाचत नाही.

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील ७५व्या सूक्तात धनुर्धराच्या हाताला सापासारखे वेढून दोरीचा फटका अडवणाऱ्या ‘हस्तघ्ना’चे वर्णन आहे. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांमागून निघालेले राम-लक्ष्मण गोधा (हातावरचे कातडी आवरण) आणि अंगुलित्राण बांधून चालतात. महाभारताच्या विराटपर्वातील अर्जुनाची अडचण तर अगदी व्यवहारातली आहे. अज्ञातवासात बृहन्नडेचा स्त्रीवेश घ्यायचा, पण दोन्ही बाहूंवर दोरीचे वण. ते झाकायला तो बांगड्या भरतो. इतक्या मोठ्या धनुर्धरालाही वण चुकले नाहीत, ही गोष्ट नवशिक्यांना सांगण्याजोगी आहे.

असा पौराणिक धागा महाराष्ट्रातही शोधला जातो : गोदावरीकाठच्या बेट कोपरगावात शुक्राचार्यांचे मंदिर असून कच-देवयानीची कथा स्थानिक परंपरेने या जागेशी जोडली आहे. शुक्राचार्यांच्या नावावरच्या शुक्रनीतीत शस्त्रास्त्रांचा विचार येतो, त्यामुळे धनुर्विद्येच्या इतिहासात या गावाला ओढण्याचा मोह होतो. पण कोपरगावचा धनुष्याशी खरा दुवा शोधायचा तर मंदिराऐवजी तालुक्यातल्या भिल्ल वस्त्यांकडे पाहावे. नगर, नाशिक आणि खानदेशातील भिल्लांचे परंपरागत हत्यार म्हणजे तिरकमठा. कमठा (धनुष्य) बांबूचा आणि दोरीही बहुधा बांबूच्याच चिवट सालीच्या पट्टीची. चपट्या पट्टीचा भार बोटावर अधिक रुंदीत पसरतो, पण तिची कड उसवून धार निघाली तर ती गोल दोरीपेक्षा लवकर कापते. म्हणून दोरीची कड तपासणे हाच येथे बोटांच्या रक्षणाचा पहिला उपाय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा तिरकमठा मागे पडला.

भिल्ल धनुर्धर दोरीला अंगठा लावत नाहीत, हे अनेकांनी नोंदवले आहे. परंपरा त्याचा संबंध एकलव्याच्या गुरुदक्षिणेशी लावते. आदिपर्वानुसार अंगठा कापून दिल्यानंतर एकलव्य बोटांनी बाण मारू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. कथेचा मान राखूनही एक सांगायला हवे : अंगठा न लावणे ही उणीव नव्हे. अमेरिकी अभ्यासक एडवर्ड मॉर्स यांनी १८८५ साली बाण सोडण्याच्या पद्धतींचे वर्गीकरण केले, त्यात केवळ बोटांनी ओढण्याची ‘भूमध्यसागरी’ पद्धत स्वतंत्र आहे. इंग्लंडचे लांब धनुष्यही याच रीतीने ओढले जाई आणि आजची ऑलिंपिक तिरंदाजीही तिच्यावरच चालते.

अंगठ्याने ओढण्याची पद्धत आशियाई घोडेस्वारांची. तिला कडी लागते, कारण सगळा भार एकाच बोटावर येतो. चीनमधील आन्यांग येथे १९७६ साली उघडलेल्या राणी फू हाओच्या, सुमारे इसवी सनपूर्व १२००च्या थडग्यात जेडची अशी कडी मिळाली. मुघल दरबारात जिहगीर नावाने ती दागिनाच बनली. शाहजहानची जेडची कडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आवरणापेक्षा पकड सुधारल्याने बोटे जास्त वाचतात. दोरी बोटाच्या टोकावर न धरता पहिल्या पेराच्या सांध्याच्या वळीत बसवावी. टोकावर धरली की ती घसरू नये म्हणून बोट आवळावे लागते आणि सोडताना घासते. तर्जनी बाणाच्या वर, मधले बोट व अनामिका खाली. भार मुख्यतः मधल्या बोटाने आणि त्याला जोडीने उरलेल्या दोघांनी घ्यावा. हाताची पाठ सपाट, मनगट सैल. दोरी ‘सोडायची’ नसते, बोटे ढिली केली की ती आपणच निघून जाते. तर्जनी व मधले बोट बाणाला चिमटत असतील तर त्यांच्यामध्ये जाडसर कातडी तुकडा असलेली टॅब घ्यावी किंवा लांब धनुष्य वापरावे. दोरीच्या मधल्या भागावरचा धाग्याचा वेढा उसवला असेल तर तो आधी बदलावा.

नवशिक्याने २० ते २५ पौंडांवर सुरुवात करावी. जड धनुष्य उचलून मर्दुमकी दाखवण्याची हौस बोटांना सर्वांत महाग पडते. टॅबचे कातडे फार पातळ असेल तर दोरी रुतते, फार जाड असेल तर दोरीची जाणीवच राहत नाही. कोपरगावच्या उन्हाळ्यात घामाने भिजलेले कातडे दोरीला चिकटते, म्हणून दोन टॅब आलटून-पालटून सुकवाव्यात आणि हात कोरडे ठेवावेत.

बांबूच्या धनुष्याने ३० व ५० मीटरवर खेळल्या जाणाऱ्या ‘इंडियन राउंड’ प्रकारातही टॅब वापरतात. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये (प्रत्यक्षात २०२१) खेळलेले साताऱ्याचे प्रवीण जाधव रिकर्व्ह प्रकारातले, म्हणजे बोटांनीच दोरी ओढणारे. २०२३ साली बर्लिनमध्ये विश्वविजेते ठरलेले आदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंड प्रकारातले, त्यात दोरी यांत्रिक कळीने सुटते आणि बोटांचा हा प्रश्न बव्हंशी उरत नाही.

फोड आल्यास तो बरा होईपर्यंत सराव थांबवावा. बोटातल्या मुंग्या किंवा बधिरपणा काही दिवसांच्या विश्रांतीनेही गेला नाही, तर जाड टॅब शोधत न बसता डॉक्टरांना दाखवावे.