गच्चीवरचा टॉवर आणि तेरा देशांचा अभ्यास

गच्चीवर मोबाईल टॉवर बसवू द्यायचा का, यावर २०११ साली झालेली विशेष सर्वसाधारण सभा जुन्या सभासदांना आठवत असेल. भाड्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं असतं. पण त्याच वर्षी ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाईलच्या लहरी 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या २बी गटात टाकल्या होत्या. त्या बातमीचं कात्रण सभेत फिरलं. बी विंगमधले काका नुकतेच ब्रेन ट्यूमरने गेले होते. ठराव पडला. मी सेक्रेटरी होतो, मीही विरोधात हात वर केला.

त्या निर्णयामागे एक मोठा आधार होता 'इंटरफोन' अभ्यासाचा. १३ देशांत ट्यूमर झालेल्या आणि न झालेल्या लोकांना विचारलं, फोनवर किती बोलायचात? २०१० साली निकाल आला तो चक्रावणारा. नियमित वापरणाऱ्यांत ग्लायोमाचं प्रमाण उलट कमी दिसलं (म्हणजे फोन औषध झालं की काय!), पण १६४० तासांहून जास्त बोललेल्यांत ते ४० टक्के जास्त. आणि काहींनी तर दिवसाला १२ तासांहून जास्त बोलतो असं सांगितलेलं! आजारी माणूस कारण शोधत मागे जातो, निरोगी माणूस कशाला आठवेल?

आपणही तेच केलं ना? काका गेल्यावर 'ते सारखे फोनवरच असायचे' हे सगळ्यांना आठवायला लागलं. बाकीचे किती बोलायचे, कुणी मोजलं होतं?

डेन्मार्कने आठवणीवर भिस्त ठेवली नाही. फोन कंपन्यांच्या याद्यांतले ३,५८,४०३ वर्गणीदार कॅन्सरच्या नोंदींशी ताडून पाहिले, वाढ दिसली नाही. खोट त्यातही होती. ऑफिसच्या नावावर फोन असलेले 'न वापरणाऱ्यां'त मोजले गेले. ब्रिटनमध्ये पावणेआठ लाखांवर बायकांना आधीच विचारून ठेवलं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. २०२२ साली निकाल आला, तिथेही वाढ नाही. तरी दिवसाचे तास न् तास बोलणाऱ्या बायका त्यात थोड्याच होत्या, हेही सांगायला हवं.

गंमत म्हणजे कानाला लावलेल्या फोनपासून डोक्याला जेवढ्या लहरी मिळतात, त्या मानाने दूरच्या टॉवरच्या अगदी कमी. आणि रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो. आपण सभेत भांडलो ते टॉवरवर!

टॉवर पुढे समोरच्या इमारतीवर बसला. वॉटरप्रूफिंग आपण वर्गणी काढून केलं. काकांना तो फोन साठीला काकूंनीच घेऊन दिला होता. मागच्या गणपतीत त्यांनी मला हळूच विचारलं, "त्यानेच झालं का हो?" आरतीनंतर खुर्च्या ओढून बसलो आणि वर लिहिलंय ते सगळं त्यांना सांगितलं.