मार्टिनीचे बळ

संग्रहालयात मार्टिनी-हेन्री रायफल पाहणारा मनुष्य तिच्या पोलादाची जाडी पाहून म्हणतो, "ही काहीही सोसेल." या समजुतीस आमचा आक्षेप आहे.

ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेल्या या रायफलीत एका वेळी एकच काडतूस मावते. खालची दांडी ओढली की मागचा ठोकळा झुकतो. दांडी मिटली की तो वर येऊन नळीचे तोंड बंद करतो. बार उडताच काडतुसाचे बूड मागे रेटते. हा रेटा ठोकळ्याच्या खिळीवर येत असावा असे वाटते. वस्तुतः ठोकळ्याचे गोल टोक पोलादी पेटीच्या मागच्या भिंतीस टेकलेले असते आणि भार ती भिंत घेते. मार्टिनीचे मर्म येथे आहे, जाडीत नव्हे.

अर्थात पेटी मजबूत म्हणून रायफल भरवशाची, असेही नाही. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानात अबू क्लीआच्या लढाईत पातळ पितळी पत्र्याची काडतुसे तापलेल्या नळीत अडकून बसली, आणि शाबूत रायफली ऐन वेळी मुक्या झाल्या.

अमेरिकेच्या १८७३ च्या स्प्रिंगफील्डचे दार पुढे बिजागरीवर उघडे व मागे खिटीने अडके. काळ्या दारूपुरते ते ठीक होते. त्या रायफली अजून लोकांपाशी आहेत, म्हणून तिकडे.४५-७० काडतुसाच्या दाबाची मर्यादा आजही दर चौरस इंचास २८,००० पौंडच आहे.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू सिद्ध केली आणि सारे गणित पालटले. ब्रिटिशांच्या .३०३ काडतुसात कॉर्डाइट आले. दाब कितीतरी वाढला. तरीही जुन्या मार्टिनींना नव्या नळ्या बसवून याच काडतुसासाठी कामास लावले. १८९५ पासूनच्या अशा रायफलींस मार्टिनी-एनफील्ड म्हणत. हे धाडस नव्हते. ठोकळ्यावरचा रेटा म्हणजे दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ. जुन्या काडतुसाचे बूड सुमारे ०.६७ इंच रुंद, .३०३ चे ०.४६, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी! दाब दुप्पट झाला तरी भिंतीवरचा भार जवळपास तेवढाच राहिला. नळीस मात्र ही सवलत नाही. दाब तिला चहूबाजूंनी ताणतो, बूड अरुंद असो वा रुंद. म्हणून ती बदलावी लागली.

लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांत नेहमीहून जड बार उडवून बंदूक तपासतात व नळीवर खूण ठोकतात. वाडवडिलांची मार्टिनी कोणाकडे असल्यास ती खूण जाणकारास दाखवावी. ती काळ्या दारूच्या परीक्षेची असेल, तर कॉर्डाइटविषयी ती काहीच सांगत नाही.