सहधर्मचारिणी आणि धर्मांतर : 'स्मृतिचित्रे'च्या निमित्ताने

पत्नीला 'सहधर्मचारिणी' म्हणण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. या शब्दात धर्म एकच आहे आणि तो पतीचा आहे, हे गृहीत धरलेले असते. पत्नीच्या वाट्याला येते ते फक्त त्याचे आचरण. पतीनेच धर्म बदलला तर पत्नीने कोणाच्या धर्माचे आचरण करायचे, हा प्रश्न परंपरेने कधी स्वतःला विचारला नव्हता. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती दांपत्यांनी तो विचारला. म्हणून ख्रिस्ती विवाहातील पति-पत्नींच्या भूमिकांचा विचार मराठीपुरता करावयाचा, तर त्याचा आरंभ चर्चमधील विवाहविधीपासून न करता धर्मांतराने दुभंगलेल्या हिंदू विवाहापासून करावा लागतो.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात या भूमिकांची चौकट पौलाच्या पत्रांनी घालून दिली आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पती हा पत्नीचे मस्तक मानला आहे. पत्नीने त्याच्या अधीन असावे आणि पतीने तिच्यावर स्वतःला अर्पण करण्याइतकी प्रीती करावी, अशी ही दुपदरी आज्ञा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र निराळा प्रसंग आहे. जोडीदार विश्वास ठेवणारा नसला तरी तो राहावयास तयार असेल तर त्याला सोडू नये. तो निघून गेला तर जाऊ द्यावे. ब्रिटिश सरकारने १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदासाठी जो कायदा केला, त्याच्या मुळाशी हाच विचार दिसतो. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने त्याग केला, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला सहजीवनासाठी न्यायालयात जाता येई. नकार कायम राहिल्यास एक वर्षाचा अवधी देऊन विवाह रद्द करण्याची तरतूद होती.

या पार्श्वभूमीवर आपल्या कादंबरीचा आरंभ पाहण्यासारखा आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये विनायक आणि यमुना हे दांपत्य परस्परांशी बोलते, एकत्र प्रवास करते, विधवांच्या दुःखावर विचार करते. मिशनरी शिक्षणाने कल्पिलेल्या सख्यभावी विवाहाचे हे मराठीतील पहिले सविस्तर चित्र म्हणता येईल. परंतु या सख्यात मतभेदाला जागा नाही. दोघांचा ओढा एकाच दिशेचा असल्यामुळे पत्नीचे मन स्वतंत्रपणे झगडताना दिसत नाही. कृपाबाई सत्यनाथन यांच्या इंग्रजी 'सगुणा'त मातेच्या धर्मांतराची जी हकीकत येते, तिच्यात हा झगडा डोकावतो. पण तो कन्येच्या निवेदनातून आलेला आहे. पत्नीच्या स्वतःच्या शब्दांत तो यावयास 'स्मृतिचित्रे'ची वाट पाहावी लागली.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांतील काही काळ त्या लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरात राहिल्या. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील हे क्षेत्र एका ख्रिस्ती कवीच्या हिंदू पत्नीचे आश्रयस्थान ठरले, ही गोष्ट स्थानिक अभिमानापुरती ठेवू नये. तिच्यात एक मोठी विसंगती दडलेली आहे. जो समाज स्त्रीला पातिव्रत्य शिकवीत आला, तोच आता तिला पतीपासून दूर राहण्यास सांगत होता. पती की जात, असा पेच येताच परंपरेने जातीच्या बाजूने कौल दिला. दुसरीकडे, सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा ख्रिस्ती समाज पत्नीने पतीच्या मागे यावे, अशी अपेक्षा बाळगून होता. दोन्ही बाजूंना तिच्या निर्णयाचे महत्त्व होते. तिच्या विचाराचे किती होते, हा प्रश्न उरतो.

लक्ष्मीबाईंनी दोन्ही अपेक्षा एकाच वेळी नाकारल्या, असे म्हणता येते. त्या पतीकडे परतल्या, पण धर्मांतर करून परतल्या नाहीत. एका संसारात राहून त्यांनी आपले सोवळे काही काळ वेगळे सांभाळले. पुढे जात ईश्वरनिर्मित की मनुष्यनिर्मित, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी निकाल लावला आणि मग कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी जातीचा त्याग झाला, ख्रिस्ताचा स्वीकार मागाहून आला. पतीचे अनुकरण हे या स्थित्यंतराचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. टिळकांनीही कायद्याचा आधार घेऊन विवाह मोडला नाही, ते थांबले. पौलाने पतीला सांगितलेल्या प्रीतीचा अर्थ या थांबण्यात शोधावा लागतो.

मात्र टिळकांना आदर्श पती ठरविण्याची घाई करू नये. 'स्मृतिचित्रे'तील टिळक तापट आहेत, लहरी आहेत, हातचे दान करून मोकळे होणारे आहेत. त्यांच्या औदार्याची किंमत स्वयंपाकघरात मोजली जाते आणि ती मोजणारी पत्नीच असते. निवेदनात ती पतीचा उल्लेख 'टिळक' असा करते. त्यामुळे पती हा कथेतील एक पात्र होतो. त्याच्याकडे पाहण्याचा, त्याला हसण्याचा अधिकार निवेदिकेकडे येतो. आज्ञाधारक पत्नीच्या प्रतिमेला या विनोदाने जेवढा छेद दिला आहे, तेवढा कोणत्याही प्रतिपादनाने दिला नसता. १९१७ मध्ये टिळकांनी संन्यास स्वीकारला आणि 'देवाचा दरबार' उभारण्याचे ठरविले. तेव्हा ख्रिस्ती गृहिणीसमोर पुन्हा एक जुनाच हिंदू प्रश्न उभा राहिला : संन्याशाच्या पत्नीची भूमिका कोणती?

त्याचे एक उत्तर 'ख्रिस्तायना'त सापडते. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्या महाकाव्याचे आरंभीचे अध्यायच लिहून झाले होते. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. पतीचे अपुरे कार्य पत्नीने पूर्ण केले, असे याचे वर्णन करण्याची पद्धत आहे. पण आरंभीच्या थोड्या अध्यायांपुढे ६४ अध्यायांची रचना ठेवली, की 'पूर्ती' हा शब्द अपुरा वाटू लागतो. येथे सहधर्म हा सहकर्तृत्व झाला आहे, आणि मोठा वाटा तिचा आहे.

व्यवहारात ही समता फार उशिरा आली. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पत्नीचा व्यभिचार हे पतीला पुरेसे कारण होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या भेदभावावर बोट ठेवले, आणि २००१ च्या दुरुस्तीने पति-पत्नींना समान कारणे मिळाली. कायद्याने एवढी वर्षे पत्नीचा शब्द अपुरा मानला, त्या काळात मराठीत एका पत्नीने आपल्या विवाहाची साक्ष स्वतः लिहून ठेवली होती. आपल्या समीक्षेने तिला बहुतांशी प्रांजळ, घरगुती, निर्व्याज अशी विशेषणे देऊन गौरविले. या विशेषणांत प्रेम आहे, पण लक्ष्मीबाईंनी केलेला विचार त्यांखाली झाकला जातो. 'स्मृतिचित्रे'चे पुनर्वाचन या विचाराच्या बाजूने व्हावयास हवे.